इन्व्हर्टर बिघडला नव्हता, लांबून दाबून ठेवला होता

कोल्हापुरात ज्यांनी ज्यांनी घरावर सोलर बसवलंय त्यांनी आधी मोबाइलमधलं इन्व्हर्टरचं (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राचं) ॲप उघडावं आणि खात्यात मालक म्हणून कुणाचा ईमेल टाकलाय ते बघावं. बाकीचं मग वाचलं तरी चालेल. आमच्या खात्यात बसवणाऱ्याचा ईमेल होता, आणि त्या जोरावर त्यानं आमच्याकडून २८,५०० रुपये काढले.

आमचं घर पाचगाव रोडला. २०२४ च्या उन्हाळ्यात पीएम सूर्यघर योजनेतून ५ किलोवॅटचं सोलर बसवलं. ३ किलोवॅटच्या वर किती का बसवा, सबसिडी ७८ हजारच. ती जमा झाली, नेट मीटर (घेतलेली आणि परत सोडलेली वीज दोन्ही मोजणारा) लागला, लाईट बिल नावाला उरलं. इथपर्यंत त्या माणसाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. गल्लीत त्याचं नाव मीच सांगत फिरत होतो.

इन्व्हर्टरच्या बुडाला बोटाएवढी वायफायची काठी असते, ही पोरं तिला डोंगल म्हणतात. पॅनेलचा व्होल्टेज किती, लाइनचा किती, आज किती युनिट झाले, काही फॉल्ट आहे का, हे सगळं ती घरच्या वायफायवरून थोड्या थोड्या वेळानं इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला कळवत राहते. सोय चांगली आहे. पावसाळ्यात पॅनेलच्या कनेक्टरमध्ये ओल शिरली की इन्व्हर्टर सकाळी 'आयसोलेशन फॉल्ट' दाखवून बंद राहतो आणि ऊन पडून वाळलं की आपोआप चालू होतो. असला प्रकार कंपनीचा माणूस आपल्या ऑफिसात बसून ओळखतो, कुणाला जिना चढायला लागत नाही. पण या वाटेनं नुसते आकडे जात नाहीत, हुकूमही येतात. लांबून इन्व्हर्टर बंद करता येतो, चालू करता येतो, आणि कितीच्या वर वीज करायची नाही याची मर्यादाही घालता येते. काही ठिकाणी ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या सार्वजनिक लाइनला, जास्त वीज सोडायची परवानगी नसते, त्यासाठी ही मर्यादा लागते. घरमालकाला हे सहसा दिसतही नाही. ते बसवणाऱ्याच्या लॉगिनमध्ये असतं.

आमच्याकडे त्यानं मालकाचं खातंच स्वतःच्या ईमेलवर उघडलं आणि आम्हाला फक्त बघण्यापुरतं लॉगिन दिलं. "काका, सेटिंगात हात घालून तुम्हाला काय करायचंय? युनिट मोजा की नुसते!" असं वर हसून.

वर्ष होत आलं तसा त्याचा फोन आला. ऑनलाइन मॉनिटरिंगचे वर्षाला ६,००० रुपये भरावे लागतील. योजनेत पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याच्याच अंगावर असते, हे मला माहीत होतं आणि मी बोललोही. तर म्हणाला, "ती मेंटेनन्स वेगळी काका, हे मॉनिटरिंग वेगळं. आमचं पोरगं दिवसभर स्क्रीनपुढं बसून तुमच्या सिस्टिमवर लक्ष ठेवतंय." पैसे दिले. पुढं कळलं की कंपनी डोंगलच्या आकड्यांसाठी ग्राहकाकडून एक पैसा घेत नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव झाला, विजा कडाडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास फोन. "काका, कालच्या विजेनं तुमच्या इन्व्हर्टरचं पॉवर कार्ड अर्धं गेलंय. आमच्याकडं लाल दिसतंय. ॲप बघा, निम्माच लोड घेतोय." बघितलं. आभाळ निरभ्र, ऊन मी म्हणतंय, एरवी या वेळेला चार किलोवॅटच्या आसपास खेळणारा आकडा २.५० वर. पाच मिनिटांनी परत २.५०. जेवून उठलो तरी २.५०. त्यानं व्हॉट्सॲपवर लाल अक्षरांचा एक स्क्रीनशॉटही पाठवला. वीज पडल्यावर कंपनी वॉरंटी देत नाही, कार्ड २२,५०० ला, तेही ओळखीनं.

तो खोकं घेऊन आला, वर गच्चीवर गेला, मला म्हणाला, "काका, खालचा मेन स्विच बंद करून तिथंच थांबा, करंट बसंल." खाली आला तेव्हा हातात तेच खोकं. जुनं कार्ड मागितलं तर ते कंपनीला परत करावं लागतं म्हणे. बिलावर 'सर्व्हिस व स्पेअर' एवढंच. आकडा मात्र लगेच चारवर गेला, मग कोण शंका घेतो?

दिवाळीत त्यानं दोन वर्षांचं पॅकेज आत्ताच भरा म्हणून लकडा लावला. पुढच्या वर्षी बघू म्हणून मी फोन ठेवला. त्याच आठवड्यात आकडा पुन्हा एका जागी खिळला. नशीब एवढंच की भाऊबिजेला भाचा आला होता. तो गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनवर काम करतो. त्यानं ॲपमधला दिवसाचा आलेख उघडला आणि बराच वेळ बोललाच नाही.

सोलरचा आलेख सकाळी चढतो, दुपारी माथ्यावर येतो, संध्याकाळी उतरतो. ढग आले की त्याला दाते पडतात. पॅनेलवर धूळ बसली की सगळा डोंगर बुटका होतो, पण माथा गोलच राहतो. पॅनेलची एक रांग बंद पडली तरी तसंच. आमचा आलेख दहाच्या आसपासपर्यंत नेहमीसारखा चढत होता, तिथं सुरीनं कापल्यासारखा सपाट होत होता, आणि दुपारनंतर पुन्हा नेहमीसारखा उतरत होता. "मामा, कार्ड जळलं तर ते असं मोजून मापून जळतंय होय? ही कुणीतरी घातलेली लिमिट हाय." मग त्यानं मेमधला आलेख काढला. तिथंही तोच सपाट माथा, आणि तो सुरू झाला होता वळिवाच्या सकाळी. वीज चमकली संध्याकाळी, कार्ड गेलं सकाळी!

मग आम्ही दोघं गच्चीवर गेलो. इन्व्हर्टरच्या झाकणाच्या जोडावर कंपनीचं वॉरंटीचं स्टिकर असतं, झाकण उघडलं की ते फाटलंच पाहिजे. आमचं अखंड. स्क्रूच्या खाचांत बसवल्यापासूनची धूळ तशीच, त्यावर कोळ्याचं जाळं. कार्ड कुठल्या वाटेनं आत गेलं ते त्या कोळ्याला ठाऊक.

भाच्याच्या कारखान्यातही मशीन अडलं की कंपनीचा इंजिनिअर लांबूनच बघतो. पण तो आधी फोन करतो, ऑपरेटरनं परवानगी दिल्याशिवाय आत शिरत नाही, काय बदललं ते लिहून पाठवतो आणि काम झालं की जोडणी तोडतो. आमचा पठ्ठ्या कधीही येत होता आणि हवं ते फिरवून जात होता.

भाच्यानं कंपनीला फोन लावला तो इन्व्हर्टरच्या बाजूच्या पट्टीवर छापलेल्या नंबरवर. हे मुद्दाम सांगतो, कारण कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधायला गेलात तर वर येणारा नंबर खोटा असू शकतो. ही मंडळी गोड बोलून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात, मग दहा रुपये भरायला सांगतात आणि बँकेचं खातं धुऊन नेतात. रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच असल्या ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. कंपनीला इन्व्हर्टर बघायला तुमच्या मोबाइलचा स्क्रीन लागत नाही, सीरियल नंबर पुरतो. तरीही कुणी त्यात सापडलाच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, बँकेत हेलपाटे नंतर.

कंपनीच्या बाईंनी सीरियल नंबर, त्या पट्टीचा फोटो आणि आमच्या नावाचं बिल मागवून घेतलं. बिल जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. त्यांच्या नोंदीत सगळं होतं: कुठल्या खात्यावरून, कुठल्या तारखेला, किती वाजता मर्यादा ५० टक्क्यांवर आणली आणि कधी पुन्हा १०० केली. मेमधली १०० तर त्याची गाडी आमच्या दारात उभी होती तेव्हाची, म्हणजे गच्चीवर बसून त्यानं मोबाइलवर बोट फिरवलं होतं. आमच्या सीरियल नंबरवर वीज पडल्याची तक्रार नाही, कुठलाही पार्ट दिल्याची नोंद नाही. त्यांनी खातं आमच्या ईमेलवर केलं, त्याचे अधिकार काढून टाकले, मर्यादा उठवली. आम्ही फोनवर असतानाच आकडा वर सरकला. या सगळ्याचं पत्र आम्ही कंपनीकडून ईमेलवर मागून घेतलं. नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर भागवू नका.

त्याला विचारलं तर आधी "असं होतच नाही काका", पत्र दाखवल्यावर "पोराकडनं चुकून झालं असंल", आणि शेवटी निम्मे पैसे घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं. मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरून तिचं काम बिघडवणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायबर पोलिसांकडे अर्ज दिलाय, आणि जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी नुसतं विचारून बघायचं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतून बोलतात.

आणखी एक राहिलं. घरचा वायफायचा पासवर्ड बदलला की ॲप 'ऑफलाइन' दाखवतं आणि लोकांना वाटतं सोलरच बंद पडलं. पडत नाही. डोंगल उपसून ठेवली तरी पॅनेल आपलं काम करतच असतात, इन्व्हर्टरच्या स्वतःच्या स्क्रीनवर आजचे युनिट दिसतात. ५ किलोवॅटला स्वच्छ उन्हाच्या दिवशी वीसच्या आसपास युनिट यायला हवेत. नुसता पासवर्ड घालून द्यायचे शेजारच्या आजींकडून त्यानं ८०० रुपये घेतले होते.

मी ज्यांना ज्यांना त्याचं नाव सांगितलं होतं, त्यांच्याकडे आता स्वतः जाऊन ॲप उघडायला लावतोय. बहुतेकांनी खाती आपल्या नावावर करून घेतली. मागच्या गल्लीतले अण्णा मात्र ऐकायला तयार नाहीत. त्यांच्या खात्यात अजून त्याचाच ईमेल आहे. "पोरगं लाघवी हाय रे, माझ्याकडनं एक रुपाया घेतला न्हाई अजून," म्हणतात. त्यांचं वर्ष पुढच्या महिन्यात भरतंय.