डेस्कटॉप की सर्व्हर प्रोसेसर? दोन्हींवर काम केल्यानंतरचा अनुभव

गेले वर्षभर माझे काम दोन यंत्रांवर चालते. एकात एएमडीचा राइझन ९ ७९५०एक्स हा १६ कोरांचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) डेस्कटॉप प्रोसेसर आहे आणि दुसऱ्यात एपिक ९३५४पी हा ३२ कोरांचा सर्व्हर प्रोसेसर. आधी डेस्कटॉप घेतला. पाच महिन्यांत तो अपुरा पडू लागला, तेव्हा सर्व्हर घेतला, आणि आता सात महिने दोन्ही शेजारी-शेजारी चालू आहेत. काम मुख्यतः दोन प्रकारचे आहे: ओपनफोम हे सॉफ्टवेअर वापरून हवेच्या आणि पाण्याच्या प्रवाहाची सिम्युलेशन चालवणे, आणि त्यासाठी सी प्लस प्लसमध्ये प्रोग्राम लिहून ते दिवसातून अनेकदा कंपाइल करणे, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे. खरेदीपूर्वी मी जे निकष लावले होते त्यांतले बरेच चुकीचे ठरले आणि ज्यांच्याकडे दुर्लक्ष केले होते तेच पुढे निर्णायक ठरले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सर्व्हर प्रोसेसरचा कोर मुळातच अधिक दमदार असतो, हा माझा पहिला गैरसमज होता. हे दोन्ही प्रोसेसर २०२२ च्या उत्तरार्धात बाजारात आलेल्या झेन ४ पिढीचे आहेत आणि दोघांतही ५ नॅनोमीटर प्रक्रियेने बनवलेले, आठ कोरांची जागा असलेले चिपलेट (ज्या लहान चिपा जोडून प्रोसेसर बनतो त्यांपैकी एक) एकाच घडणीचे आहे. राइझनमध्ये असे दोन चिपलेट असतात. ९३५४पीमध्ये आठ असतात आणि प्रत्येकातले चारच कोर चालू ठेवलेले असतात. प्रत्येक चिपलेटसोबत ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) येत असल्यामुळे राइझनला एकूण ६४ एमबी मिळते आणि या एपिकला २५६ एमबी. कोर मात्र तोच. उलट क्लॉकच्या, म्हणजे कोर चालण्याच्या वेगाच्या, बाबतीत डेस्कटॉपच वरचढ आहे, कारण राइझनचा एखादा कोर ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तर एपिकची मजल ३.८ गिगाहर्ट्झवर थांबते. म्हणजे एकाच कोरावर चालणाऱ्या कामात सर्व्हरवर गेल्यास माणूस मागे जातो. फरक पडतो तो कोरांच्या भोवतीच्या रचनेत: मेमरीकडे जाणारे रस्ते किती आहेत, कार्ड आणि डिस्क जोडायला लेन किती आहेत, आणि चूक झालीच तर ती कळते की नाही.

कंपाइल करण्याच्या कामात हे लगेच जाणवले. सगळा प्रकल्प पहिल्यापासून बांधायचा असेल तर फाइली ३२ कोरांत वाटल्या जातात आणि सर्व्हर पुढे जातो. पण प्रत्यक्षात मी दिवसभर करतो ते वेगळेच असते. एका फाइलीत चार ओळी बदलायच्या, तेवढीच फाइल कंपाइल करायची, मग लिंक करून चाचणी चालवायची. या साखळीत बहुतेक वेळ एकच कोर राबत असतो आणि बाकीचे एकतीस बसून राहतात. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम नेमका हेच सांगतो, की कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. सर्व्हर आल्यावर पहिले काही दिवस मी सगळे काम उत्साहाने तिकडे हलवले होते, आणि प्रत्येक लहान बदलानंतर होणारा तो जास्तीचा खोळंबा इतका खुपू लागला की प्रोग्राम लिहिण्याचे काम आठवड्याभरात पुन्हा डेस्कटॉपवर आणले.

सिम्युलेशनची गोष्ट नेमकी उलटी निघाली, आणि माझ्या मते निवडीचा खरा प्रश्न इथेच आहे. प्रवाहाच्या सिम्युलेशनमध्ये लाखो घरांची मेश, म्हणजे जागेचे तुकडे पाडणारी जाळी, असते आणि प्रत्येक फेरीत त्या सगळ्या घरांचे आकडे मेमरीतून आणावे लागतात. एकेका आकड्यावर होणारे गणित अगदी थोडे असते; ते झाले की कोर पुढच्या आकड्याची वाट पाहत राहतो. डेस्कटॉपवर मी चार कोरांवरून आठ कोरांवर गेलो तेव्हा वेळ चांगलाच कमी झाला, पण आठांवरून सोळांवर गेल्यावर जवळजवळ काहीच पदरात पडले नाही. सोळाही कोर शंभर टक्के कामात असल्याचे पडद्यावर दिसत होते, कारण मेमरीची वाट पाहणारा कोरसुद्धा कार्यप्रणालीच्या हिशेबात कामातच धरला जातो. हे न कळल्यामुळे मी कितीतरी दिवस जास्त कोरांचा प्रोसेसर शोधत होतो.

याचे कारण साध्या गुणाकाराने समजते. राइझनला मेमरीचे दोन चॅनेल, म्हणजे मेमरीकडे जाणारे दोन रस्ते, आहेत आणि डीडीआर५-५२०० मेमरी (शेवटचा आकडा तिच्या वेगाचा) लावल्यास त्यांतून सेकंदाला जास्तीत जास्त ८३.२ जीबी माहिती येऊ शकते. एपिकच्या ९००४ मालिकेला बारा चॅनेल आहेत. प्रत्येकी डीडीआर५-४८०० धरली तर हा आकडा ४६०.८ जीबी होतो. मेमरीचा प्रत्यक्ष वेग सर्व्हरवर कमी आहे, पण रस्तेच सहापट आहेत.

आणि हे माहीत असूनही मी चूक केली. डेस्कटॉपवर १२८ जीबी मेमरी पुरत होती, म्हणून सर्व्हरलाही ३२ जीबीच्या चारच स्टिक घेतल्या आणि उरलेल्या आठ जागा पुढे कधीतरी भरू असे ठरवले. पहिले सिम्युलेशन चालवले तेव्हा डेस्कटॉपपेक्षा वेळ कमी लागला, पण ज्या झेपेची अपेक्षा होती ती कुठे दिसेना. बायोस (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग), पंखे, प्रोग्रामची मांडणी असे सगळे तपासून झाल्यावर लक्षात आले की बारापैकी चारच चॅनेल भरले असल्यामुळे मी ४६०.८ ऐवजी १५३.६ जीबीवरच चाललो आहे. त्याच बनावटीच्या आणखी आठ स्टिक बसवल्या, आणि त्याच दिवशी तेच सिम्युलेशन चालवल्यावर सर्व्हर घेतल्याचे पहिल्यांदा समाधान वाटले. त्यानंतर बायोसमध्ये एनपीएस४ ही मांडणी निवडून प्रोसेसरचे चार भाग केले, प्रत्येक भागाला तीन चॅनेल दिले आणि प्रत्येक प्रोसेसला आपापल्या भागाशी बांधले, तेव्हा आणखी थोडी बचत झाली. सर्व्हर प्रोसेसर घेणाऱ्याने मेमरीचा हिशेब एकूण जीबीवर न करता आधी चॅनेलवर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. सगळे चॅनेल भरणे परवडत नसेल तर त्या प्रोसेसरसाठी मोजलेल्या पैशांचा मोठा भाग वाया जातो.

आता ईसीसी मेमरीविषयी, म्हणजे स्वतःतल्या चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या मेमरीविषयी. डेस्कटॉपवर मी ३२ जीबीच्या चार स्टिक लावल्या होत्या. या प्रोसेसरवर दोन स्टिक असतील तर अधिकृत वेग ५२०० असतो, पण चारही जागा भरल्या की तो ३६०० वर येतो. हा तोटा मला सहन होईना, म्हणून मी बायोसमध्ये स्वतःच वेग वाढवून ५२०० केला. रात्रभर मेमरी चाचणी चालवली. एकही चूक निघाली नाही. पुढे काही आठवड्यांनी सिम्युलेशनच्या निकालांची एक मोठी संग्रह-फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवताना चेकसम (फाइलीतल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळेना. आधी केबल आणि डिस्कवर संशय घेतला. मग त्याच डिस्कवरच्या त्याच फाइलीचा चेकसम लागोपाठ तीनदा काढला, आणि तीन वेळा तीन वेगळे आकडे आले. फाइल तीच होती. वाचताना मेमरीतच कुठेतरी एखादा बिट पलटत होता. वेग ३६०० वर आणताच प्रकार थांबला, पण मधल्या आठवड्यांत काढलेल्या निकालांपैकी कोणते खरे मानायचे हे ठरवण्याचा मार्ग उरला नव्हता. मी ती सगळी सिम्युलेशन पुन्हा चालवली.

सर्व्हरवर चार महिन्यांपूर्वी याच स्वरूपाची घटना घडली, पण तिचा शेवट अगदी वेगळा झाला. सकाळी लॉग पाहताना एक ओळ दिसली: अमुक चॅनेलवरच्या मेमरीत एक चूक झाली आणि ती दुरुस्त करण्यात आली. पुढच्या दोन आठवड्यांत त्याच चॅनेलवर आणखी दोन नोंदी आल्या. यंत्र बंद केले, ती एक स्टिक काढली, संपर्काच्या कडा पुसल्या, नीट दाबून बसवली; त्यानंतर आजपर्यंत नोंद नाही. चालू असलेले एकही सिम्युलेशन बिघडले नाही आणि दोष कोणत्या जागी आहे हेही कळले. डीडीआर५च्या प्रत्येक चिपमध्ये अंगचीच ईसीसी असते, त्यामुळे वेगळी ईसीसी मेमरी लागत नाही, असे अनेकजण सांगतात. ते बरोबर नाही. ती अंगची दुरुस्ती चिपच्या आतल्या चुकांपुरतीच असते. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही आणि आपण काय दुरुस्त केले हेही कार्यप्रणालीला कळवत नाही.

डेस्कटॉपवर ईसीसी मिळतच नाही असे मात्र नाही. राइझनसोबत अनबफर्ड ईसीसी मेमरी चालते, पण मदरबोर्डचा पाठिंबा लागतो आणि तो बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेला आहे का हे पाहून घ्यावे. सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरी डेस्कटॉपच्या जागेत बसत नाही. तिची खाच वेगळी असते आणि तिला लागणारा व्होल्टेजही वेगळा.

लेनविषयी थोडक्यात सांगतो. राइझनमध्ये वापरायला २४ पीसीआय एक्स्प्रेस लेन मिळतात, ज्यांतल्या १६ ग्राफिक्स कार्डाला आणि उरलेल्या दोन वेगवान एसएसडींना गेल्या की बाकीचे सगळे चिपसेटच्या मागे चार लेनच्या एकाच जोडणीवर दाटी करून चालते. एका एपिकला १२८ लेन आहेत. ज्याला एकच कार्ड आणि दोन डिस्क लावायच्या आहेत त्याने या आकड्याने भुलू नये.

सर्व्हर घरात किंवा लहान कार्यालयात ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना पहिल्याच दिवशी आली. बटण दाबले, पंखे पूर्ण वेगाने घोंगावू लागले, आणि पडदा काळाच राहिला. बोर्डावरच्या दोन अंकी दिव्यात आकडे बदलत होते, मग एका आकड्यावर बराच वेळ अडकून बसले. काहीतरी जळले असे समजून मी दोनदा वीज तोडली. तिसऱ्यांदा तसेच चालू ठेवून बाजूला बसलो, तेव्हा काही मिनिटांनी पडद्यावर अक्षरे उमटली. नवी मेमरी बसवल्यावर यंत्र प्रत्येक चॅनेलची वेळ जुळवून घेत असते आणि सर्व्हरची मोठी मेमरी असली की त्याला वेळ लागतोच. अशा वेळी वीज तोडली तर ती सगळी जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

माझ्या बोर्डावर स्लीपची सोय नाही, आवाजाचे सॉकेट नाही आणि यूएसबीच्या जागाही मोजक्याच आहेत. काम नसतानाही हे यंत्र डेस्कटॉपपेक्षा बरीच जास्त वीज घेते. बोर्डावरच्या नेटवर्क चिपला हवा मिळावी म्हणून पुढून मागे वाहणारा झोत लागतो. साध्या कॅबिनेटमध्ये ठेवले तेव्हा तिच्या तापमानाचा इशारा आला आणि मला एक वेगळा पंखा तिच्यासमोर बसवावा लागला. याच्या बदल्यात मिळते ती देखरेखीची स्वतंत्र चिप. यंत्र बंद असले तरी ती जागी असते आणि तिच्यामार्फत आयपीएमआय या दूरून नियंत्रणाच्या सोयीवरून बायोसचा पडदासुद्धा दुसऱ्या गावातून पाहता येतो. एकदा प्रवासात असताना कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) अडकला होता. मी लॅपटॉपवरून यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि सिम्युलेशन शेवटच्या साठवलेल्या टप्प्यापासून पुढे चालवले. या सोयीची सवय लागली की डेस्कटॉपवर तिची उणीव फार जाणवते.

डेस्कटॉपच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ७९५०एक्सची टीडीपी, म्हणजे थंड करायच्या उष्णतेचा ठरवलेला आकडा, १७० वॅट असून सगळे कोर राबत असताना तो ९५ अंशांपर्यंत तापतो, आणि ते निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेतच आहे. मी त्याला बायोसमधून १०५ वॅटच्या इको मोडवर ठेवले आहे. कंपाइलच्या वेळेत फरक शोधावा लागतो, पंख्याचा आवाज मात्र निम्म्याहून खाली आल्यासारखा वाटतो.

मधले पर्यायही आहेत. मे २०२४ मध्ये आलेली एपिक ४००४ मालिका डेस्कटॉपच्याच एएम५ सॉकेटवर बसते. विश्वासार्हता हवी पण दोन चॅनेल पुरतात, अशांनी ती पाहावी. थ्रेडरिपर ७००० मध्ये चार चॅनेल आणि थ्रेडरिपर प्रोमध्ये आठ चॅनेल मिळतात, शिवाय क्लॉकही ५ गिगाहर्ट्झच्या वर जातो. आज पुन्हा एकच यंत्र घ्यायचे झाले तर मी प्रोचा विचार आधी करेन. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जलद आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोर असतात, त्यांवर समान वाटणी केलेले सिम्युलेशन सर्वांत हळू कोराच्या चालीने चालते, हे लक्षात ठेवावे. वापरलेला एपिक घेणाऱ्याने तो आधी कोणत्या सर्व्हरमध्ये होता हे विचारावेच, कारण काही निर्मात्यांच्या बोर्डांवर तो एकदा चालला की आतील फ्यूज कायमचे जळतात आणि मग तो दुसऱ्या निर्मात्याच्या बोर्डावर सुरूच होत नाही.

आपले काम कोणत्या बाजूचे आहे हे पाहण्यासाठी हातात असलेल्या यंत्रावर दोन चाचण्या पुरतात. तेच काम चार, आठ आणि सोळा कोरांवर चालवून वेळा लिहून ठेवाव्यात. मग कोर पूर्वीइतकेच ठेवून बायोसमध्ये क्लॉक पाव हिश्श्याने खाली आणावा आणि पुन्हा वेळ मोजावा. माझ्या डेस्कटॉपवर क्लॉक उतरवल्यावर कंपाइलचा वेळ त्याच प्रमाणात वाढला. सोळा कोरांवरच्या सिम्युलेशनचा वेळ मात्र जागचा हलला नाही. ही चाचणी मी सर्व्हर घेतल्यानंतर केली. आधी केली असती तर बाराही स्टिक पहिल्याच दिवशी मागवल्या असत्या.