नसांसाठी म्हणून घेतलेल्या हळद-मिरीच्या कॅप्सूल: ५ पैकी २ स्टार

केळीचे घड कापताना विळा सटकला आणि नानांच्या मनगटातली अल्नर नस (रक्तवाहिनी नव्हे, करंगळीकडे जाणारी संवेदनेची नर्व्ह) तुटली. जळगावला ऑपरेशन करून जोडली, टाके सुकले, पण करंगळी आणि शेजारचं बोट बधिर ते बधिरच, चहाचा गरम ग्लास धरला न् करंगळीला फोड आला तरी त्यांना कळलं नाही. त्याच काळात आमच्याकडच्या एका दुकानदारानं ही डबी गळ्यात मारली, महिनाभरात हात मोकळा होतो म्हणे. आत काय, तर कर्क्युमिन (हळदीतला घटक), पायपेरिन (मिरीतला) आणि क्वेर्सेटिन (कांद्यासारख्या भाज्यांत असतं ते). किंमत हजाराच्या वर.

आता खरं सांगायचं तर यातलं अगदीच काही खोटं नाहीये. उंदरांच्या पायाची नस चिमट्यात दाबून कर्क्युमिन नाहीतर क्वेर्सेटिन दिलं तर ती लवकर सावरते असे बरेच प्रयोग झालेत, सूज कमी होते वगैरे. पण माणसाच्या कापून शिवलेल्या नसेवर तसं सिद्ध झालेलं नाही, आणि डबीवर चित्र मात्र माणसाच्याच हाताचं!! मिरीचा अर्क घालतात त्याला कारण आहे, नुसतं कर्क्युमिन अंगात नीट शोषलंच जात नाही, १९९८ साली बंगळुरूच्या अभ्यासात पायपेरिनसोबत दिल्यावर ते २० पट शोषलं गेलं. वाचायला भारी वाटतं, पण मुळात जातंच किती थोडं, त्याचे २० पट.

डॉक्टरांना डबी दाखवली तर म्हणाले नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत तुम्हीच मोजा आणि धीर धरा. मग नानांच्या अंगठ्यात न् बोटात एक कागद धरायला लावून ओढला, तर अंगठा टोकाशी वाकडा झाला, म्हणजे ताकद अजून आलेली नाही. आता मनगटावर टिचकी मारली की झिणझिण्या पूर्वीपेक्षा पुढे जातात, ते चांगलं लक्षण आहे म्हणे. ते कॅप्सूलनं की फिजिओथेरपीनं की आपोआप, कोण सांगणार. माझं मत फिजिओ आणि स्प्लिंट (बोटांना आधार देणारी पट्टी), कारण मधे कॅप्सूल आणायच्या राहिल्या तरी सुधारणा चालूच होती.

नाना तर पहिल्या दिवशीच बोलले, "हे काय औषध हाये का भो, हयद त आपल्या वरणात बी हाये." बरोबरच आहे, डबीच्या मागे बारीक अक्षरात औषधी वापरासाठी नाही असं छापलेलंच आहे, चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही ती गोष्ट वेगळी. तरी वरणातल्या चिमूटभर हळदीत कर्क्युमिन नावालाच असतं आणि कॅप्सूलमधे भरपूर, म्हणून घरचीच हळद आहे असं समजून कितीही खाऊ नका, लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत. रक्त पातळ करायच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको, पायपेरिननं त्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

उपाशीपोटी घेतली की आंबट ढेकर येतात, जेवणानंतर ठीक. २ स्टार देतोय त्यातला एक झाकणाला, नानांना एका हातानं उघडता येतं.