"सिक्युरिटी शिक्का लावा, ट्रॅफिक वाढेल" म्हणून फोन आला तर आधी हे वाचा

ज्यांची स्वतःची छोटी वेबसाइट आहे आणि जे आंबा, काजूगर, कोकम, मसाले असलं काही ऑनलाइन विकतात त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा. आंब्याचा सीझन तोंडावर आलाय आणि हे फोन परत सुरू झालेत. परवा वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी मला जे सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला, कारण शब्दन् शब्द तेच जे गेल्या सीझनच्या आधी मला ऐकवलेलं.

आमचं कुडाळजवळ घरगुती काम आहे. आमसुलं, आगळ, फणसपोळी, आंबापोळी आणि एप्रिल-मे मध्ये घरच्या कलमांचा हापूस. मी, माझी जाऊबाई आणि आमच्या बचत गटातल्या बायका मिळून करतो. वेबसाइट गावातल्याच एका मुलाने बनवून दिलेली, साधीच, पण मुंबईचे चाकरमानी तिथून ऑर्डर टाकायचे आणि कुरियरने माल जायचा, बरं चाललेलं.

फोनवरचा माणूस मराठीतच बोलत होता, एकदम आदबीने. म्हणाला मॅडम तुमची साइट क्रोममध्ये उघडा, वरती काय लिहिलंय? 'नॉट सिक्युअर' लिहिलेलं. म्हणाला बघा, गिऱ्हाईक हे बघून पळतंय, तुमच्या साइटवर हॅकर बसलेत, गुगल तुम्हाला खाली ढकलतंय, म्हणून ट्रॅफिक (साइटवर येणारे लोक) नाही. आम्ही सर्टिफिकेट लावून देतो, वर 'व्हेरिफाइड सिक्युअर' असा शिक्का देतो, ज्या साइटवर आमचा शिक्का लागतो तिथे ट्रॅफिक दुप्पट होतो. दहा हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. शिवाय रोज साइट स्कॅन करण्याचे महिन्याला १,४९९, ते यूपीआय ऑटोपेने.

यातला 'नॉट सिक्युअर'चा भाग नीट समजून घ्या कारण हीच त्यांची सगळ्यात मोठी खेळी आहे. जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक साध्या एचटीटीपी साइटला 'नॉट सिक्युअर' म्हणतं. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि साइट यांच्यामधली माहिती कुलूपबंद होऊन जात नाही. हॅकर बसलाय असा त्याचा अर्थ अजिबात नाही. ते दुरुस्त करायलाच हवं हे खरं, पण त्याला लागणारं सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्ट नावाची संस्था २०१५ च्या शेवटापासून फुकट देते, बहुतेक होस्टिंगवाल्यांच्या (ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते त्यांच्या) पॅनेलमध्ये एक बटण दाबलं की लागतं आणि मुदत संपायच्या आत आपोआप नवीन होत राहतं. गुगलने २०१४ मध्ये जाहीर केलेलं की एचटीटीपीएस (म्हणजे असं सर्टिफिकेट लागून माहिती कुलूपबंद जाणं) असलेल्या साइटला रँकिंगमध्ये थोडं झुकतं माप देऊ, आणि तेही तेव्हा सांगताना हलकासा सिग्नल म्हणूनच सांगितलेलं. एचटीटीपीएसला, शिक्क्याला नाही! तो माणूस या दोन गोष्टी एकाच वाक्यात इतक्या सफाईने मिसळायचा की समोरच्याला वाटावं शिक्का लावला की गुगल वर नेतं.

तर शिक्का लागला. साइटच्या खाली उजव्या कोपऱ्यात हिरवी ढाल, त्यावर टिक आणि खाली 'आज तपासले' असं लिहून रोजची नवी तारीख. दर महिन्याला पीडीएफ रिपोर्ट यायचा, त्यात ग्राफ वर वर चढत गेलेला. ऑर्डरी मात्र होत्या तेवढ्याच. विचारलं की उत्तर ठरलेलं, ताई थांबा जरा, विश्वास बसायला वेळ लागतो लोकांचा.

मग एक दिवस परत फोन. आता म्हणे तुमच्या साइटवरचं कुलूप दिसत नाहीये, अपग्रेड लागेल, हिरव्या पट्टीत तुमच्या दुकानाचं नाव येईल असं प्रीमियम सर्टिफिकेट, २५,००० रुपये. मी क्रोम उघडून बघितलं तर खरंच कुलूप नव्हतं. नशीब त्याच आठवड्यात माझा पुतण्या रत्नागिरीहून घरी आलेला, तो कॉम्प्युटर शिकतोय. त्याने ऐकलं आणि म्हणाला काकू, कुलूप कोणाच्याच साइटवर नाहीये. बँकेची उघडून दाखवली, मोठ्या शॉपिंग साइटची दाखवली, कुठेच नाही. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुलूपाचं चिन्हच काढून दुसरं चिन्ह टाकलं, कारण लोकांना कुलूप दिसलं की साइटच भरवशाची आहे असं वाटायचं, आणि फसव्या साइटवाले पण कुलूप लावून बसलेले असायचे. आणि ती कंपनीचं नाव दाखवणारी हिरवी पट्टी? ती क्रोमने आणि फायरफॉक्सने २०१९ मध्येच काढली. म्हणजे जी गोष्ट ब्राउझरमध्ये दिसणंच बंद झालंय ती हा माणूस २५,००० ला विकत होता, आणि तेही कुलूप दिसत नाही असं सांगून.

मग पुतण्याने सगळंच खणून काढलं. आधी सर्टिफिकेट उघडलं, पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून कनेक्शनमध्ये गेलं की सर्टिफिकेट बघता येतं, कोणीही बघू शकतं. देणाऱ्याच्या जागी लेट्स एनक्रिप्ट. फुकटातलं! मग म्हणाला काकू आता गंमत बघा, आणि फोनची तारीख पुढच्या आठवड्याची केली आणि साइट परत उघडली. त्या हिरव्या ढालीखाली पुढच्या आठवड्याची तारीख, 'आज तपासले'. जो दिवस उजाडलाच नाही त्या दिवशी आमची साइट तपासून झालेली. ती तारीख फक्त बघणाऱ्याच्या फोनमधून उचलली जात होती, स्कॅन बिन काही नाही. जाऊबाई शेजारीच बसलेली, तिच्या तोंडून शब्द फुटेना.

हे असलं आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० साली कंट्रोलस्कॅन नावाच्या कंपनीवर कारवाई केली ती अगदी याचसाठी, शिक्क्यावर रोज आजची तारीख दाखवायचे आणि रोज तपासणी होतच नव्हती, संस्थापकाला १ लाख २ हजार डॉलर परत द्यावे लागले. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मुद्दाम कमकुवत ठेवलेली दुकानाची साइट बनवून शिक्केवाल्यांकडून तपासून घेतली तर बरीच भोकं त्यांना सापडलीच नाहीत. सगळेच शिक्केवाले चोर असं मी म्हणत नाहीये, खरोखर स्कॅन करणारे असतीलही. पण चित्रावरून ते कळत नाही. आपल्याकडे आंब्याच्या पेटीवर 'देवगड' छापून आत कर्नाटकचा आंबा भरतात ना, छापणाऱ्याला कोण अडवतं, तसंच आहे हे. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हापासून निदान नोंदणी केलेल्या बागायतदाराचं नाव विचारता येतं, रजिस्टरमध्ये बघता येतं. आमच्या त्या ढालीवर क्लिक केलं तर काहीच उघडायचं नाही.

आता ट्रॅफिकचं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. शिक्का कुठे असतो? आपल्या साइटवर, आत. तो कोणाला दिसतो? जो आधीच साइटवर आलाय त्याला. मग जो आलाच नाही त्याला शिक्का आणणार कसा? आलेला माणूस शिक्का बघून थोडा निर्धास्त होईल आणि पैसे भरेल हे एक वेळ होऊ शकतं, म्हणजे शंभरातले किती जण विकत घेतात त्यात फरक पडला तर पडेल, पण शंभराचे दोनशे होणार नाहीत. एवढी साधी गोष्ट आहे, आणि विकणारे बरोबर तीच झाकतात.

मग रिपोर्टमधला तो चढता ग्राफ कुठला? पुतण्याने ॲनालिटिक्स (साइटवर कोण कुठून आलं ते दाखवणारं साधन) उघडून दाखवलं, रात्री दोन-तीनला येणाऱ्या व्हिजिट्स, कधी नाव न ऐकलेल्या परदेशातल्या गावांतून, सगळ्या शून्य सेकंद थांबून गेलेल्या. आमची फणसपोळी मागवायला तिथून कोण येणार? प्रोग्रामने मारलेल्या खोट्या फेऱ्या होत्या त्या. गुगलचं सर्च कन्सोल म्हणून फुकट साधन आहे, त्यात गुगलवर शोधून खरोखर किती जणांनी आपल्या साइटवर क्लिक केलं ते दिसतं, तिथली रेघ शिक्क्याच्या आधी होती तशीच सपाट. कोणी ट्रॅफिकचा रिपोर्ट दिला तर त्याचा पीडीएफ बाजूला ठेवा आणि स्वतःच्या लॉगिनने सर्च कन्सोल बघा.

मी ऑटोपे बंद केला. यूपीआय ॲपमध्येच ऑटोपेचं पान असतं, तिथून एका मिनिटात रद्द होतो, समोरच्याची परवानगी लागत नाही, आणि पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येणं बंधनकारक आहे तेव्हा ते मेसेज वाचत चला.

आणि मग त्यांनी जे केलं त्याचा मला अजून संताप येतो. ऐन मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेट्या भरणं चालू असताना, लालबागहून आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन, वहिनी तुमच्या साइटवर लाल पट्टी येतेय, व्हायरस आहे का? उघडून बघते तर हिरव्या ढालीच्या जागी मोठी लाल चौकट, 'सुरक्षा तपासणीत नापास', आणि ती प्रत्येक पानावर, पैसे भरायच्या पानावर पण. त्यांनी लावलेला शिक्का म्हणजे नुसतं चित्र नव्हतं, स्क्रिप्ट (पानावर चालणारा छोटा प्रोग्राम) होती, त्यांच्या सर्व्हरवरून येणारी, म्हणजे आमच्या दुकानाच्या दारावर काय लिहायचं ते त्यांच्या हातात. फोन केला तर शांतपणे म्हणाला, वर्षाचं रिन्यूअल भरा, संध्याकाळपर्यंत हिरवं होईल. ही सरळ सरळ खंडणी आहे. जाऊबाई म्हणाली, "पैशे गेले ते गेले, पन गिरायकांका काय सांगूचा?" आणि तेच खरं होतं. आंबा थांबत नाही. पिकलेल्या पेट्या कुडाळच्या बाजारात मिळेल त्या भावाला दिल्या. गटातल्या बायकांनी उन्हातान्हात बसून भरलेल्या पेट्या होत्या त्या.

पुतण्याने फोनवरून सांगत सांगत साइटच्या हेडरमधली (प्रत्येक पानाच्या वरच्या कोडमधली) ती एक ओळ काढायला लावली आणि लाल चौकट गेली. मग होस्टिंगचा, साइटच्या ॲडमिनचा आणि ईमेलचा असे सगळे पासवर्ड बदलले, त्यांनी स्वतःसाठी बनवलेला एक ॲडमिन युजर सापडला तो उडवला. हे शेवटचं विसरू नका.

पेमेंटच्या पानावर बाहेरच्या कोणाची स्क्रिप्ट असणं किती धोक्याचं आहे त्याचं एक उदाहरण देते. टिकेटमास्टरसारख्या मोठ्या कंपनीने ब्रिटनमध्ये पेमेंटच्या पानावर दुसऱ्या कंपनीचा चॅटबॉट लावलेला, २०१८ मध्ये चोरांनी त्या चॅटबॉटच्या स्क्रिप्टमध्ये घुसून लोकांची कार्डं चोरली, २०२० मध्ये टिकेटमास्टरला साडेबारा लाख पौंड दंड झाला. आपल्यासारख्यांचं पेमेंट तर गेटवेच्या (आपल्या वतीने पैसे घेणाऱ्या कंपनीच्या) पानावर होतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवून ठेवताच येत नाही. तेव्हा 'गिऱ्हाइकांची कार्डं सेफ राहतील' म्हणून शिक्का विकणारा आपल्याकडे नसलेली वस्तू राखायचे पैसे मागतोय, आणि वर स्वतःच आत घुसतोय.

लोकांचा विश्वास हवाच आहे, ते मला मान्य आहे. आम्ही शिक्क्याच्या जागी आता एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी नंबर टाकलाय, तो कोणीही सरकारी पोर्टलवर टाकून बघू शकतं. पूर्ण पत्ता, उचलला जाणारा फोन नंबर, खराब आंबा निघाला तर काय करणार ते स्वच्छ मराठीत. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत पण नाव, पत्ता, संपर्क, तक्रार कोणाकडे करायची हे दाखवायला सांगितलंय. गिऱ्हाईक हेच विचारतं हो फोनवर, त्या ढालीबद्दल आजपर्यंत एकानेही विचारलं नव्हतं, लाल होईपर्यंत!

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेलाही लेखी दिलं. त्यांच्या बिलावर जीएसटी घेतलेला पण जीएसटी नंबरच नव्हता, तेही लिहिलं. नंबर असला तरी जीएसटीच्या पोर्टलवर टाकून कोणाच्या नावावर आहे ते बघून घ्या. तक्रारीचा नंबर मिळालाय, पैसे अजून नाही आलेत.

वेंगुर्ल्याच्या ताईंनी डेमो म्हणून शिक्का लावून घेतलेला, पैसे दिले नव्हते. काल पुतण्याने त्यांची साइट बघितली. कंपनीचं नाव वेगळं आहे, ढालीचा रंग निळा आहे, पण स्क्रिप्ट ज्या पत्त्यावरून येते तो पत्ता आमच्यावाल्याचाच. तुमच्या साइटवर असलं काही लावलेलं असेल तर ज्याने साइट बनवली त्याला हेडर आणि फूटर तपासायला सांगा, काढायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, आणि तक्रारीत कंपनीच्या नावासोबत तो स्क्रिप्टचा पत्ता नक्की लिहा. नाव ते बदलत राहतात, पत्ता मात्र दोन्हीकडे एकच निघालाय.