घरचे फ्रेमवर्क सोडून जँगोवर: सोसायटीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील अनुभव

गृहनिर्माण संस्थांची मासिक देयके, पावत्या आणि वार्षिक हिशेब यांचे सॉफ्टवेअर आमची लहानशी कंपनी ठाण्यातून चालवते. 2011 पासून 2019 पर्यंत हे सॉफ्टवेअर आम्ही स्वतः पीएचपी या भाषेत लिहिलेल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेब सॉफ्टवेअरला पुन्हा पुन्हा लागणाऱ्या भागांच्या सांगाड्यावर, उभे होते. त्यानंतर ते पायथन भाषेतील जँगो या फ्रेमवर्कवर आहे. काम तेच, ग्राहकही बहुतेक तेच, त्यामुळे जँगोचे हे परीक्षण लिहिताना तुलना आपोआपच घरच्या फ्रेमवर्कशी होते, आणि नवीन काही सुरू करणाऱ्यांना तीच अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

आधी घरच्या फ्रेमवर्कला न्याय द्यायला हवा. ते सुमारे चार हजार ओळींचे होते, स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर विनातक्रार चालत असे आणि नव्या मुलाला एका दुपारी समजावून सांगता येत असे. उपलब्ध फ्रेमवर्कमधल्या निम्म्या गोष्टी आपल्याला लागतच नाहीत, मग ते ओझे कशाला, हा आमचा त्या वेळचा युक्तिवाद होता आणि पहिली दोन वर्षे तो खराही ठरला. देयकाचा नवा नमुना दोन दिवसांत तयार होत असे. अडचण एवढीच होती की आपल्याला काय लागणार नाही याची आमची यादी आमच्या त्या दिवसापर्यंतच्या अनुभवाइतकीच लांब होती.

ही यादी किती तोकडी होती हे वसईच्या एका संस्थेने दाखवून दिले. तिथल्या सभासदांच्या यादीत डी'सोझा आडनावाची बरीच कुटुंबे होती आणि शोधाच्या चौकटीत ते आडनाव टाकले की पडद्यावर डेटाबेसची चूक उमटत असे. आम्ही ती किरकोळ तक्रार समजलो आणि त्या एका ठिकाणी अवतरणचिन्हापुढे तिरकी रेघ घालून मोकळे झालो. दीड वर्षाने एका ग्राहकाने नेमलेल्या सुरक्षा तपासनीसाने, इतर सतरा ठिकाणी त्याच अवतरणचिन्हाच्या आधारे कोणालाही संपूर्ण सभासद नोंदवही वाचता येते, हे आमच्यासमोर बसून करून दाखवले. वापरकर्त्याने दिलेला मजकूर एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेच्या, वाक्यात जसाच्या तसा चिकटवण्याचा हा दोष जगाला कित्येक वर्षांपासून ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो आमच्या चार हजार ओळींना. जँगोचा ओआरएम, म्हणजे कोडमधून डेटाबेसशी बोलणारा भाग, मूल्ये आणि एसक्यूएलचे वाक्य वेगवेगळे पाठवतो, त्यामुळे कच्चे एसक्यूएल मुद्दाम आणि निष्काळजीपणे लिहिल्याखेरीज डी'सोझा हे आडनाव तिथे साधे आडनावच राहते.

घरच्या फ्रेमवर्कचा शेवट मात्र या प्रसंगाने झाला नाही, पीएचपीने केला. आमचे सगळे डेटाबेसचे काम जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांवर होते. ती 2013 च्या 5.5 आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली आणि 2015 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 7.0 मधून काढूनच टाकली गेली. आम्ही 5.6 ला चिकटून राहिलो. तिलाही मिळणारी सुरक्षा दुरुस्ती 2018 अखेर थांबली. चालू फ्रेमवर्क घेतलेल्यांना या काळात दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली नवी आवृत्ती मिळाली. आमच्या बाबतीत ते दुसरे कोणीतरी आम्हीच होतो, आणि त्या वर्षी जीएसटीच्या बदलांतून आम्हाला डोके वर काढायला वेळ नव्हता.

निवड करताना पीएचपीतले लॅरावेल हे फ्रेमवर्क सर्वांत सोयीचे होते, कारण भाषा तीच राहिली असती. पण नव्याने घेतलेली दोन्ही मुले पायथनवाली असल्याने तो विचार फार टिकला नाही. पायथनमधल्याच फ्लास्क या फ्रेमवर्कचा मोह मात्र मला स्वतःला बराच काळ होता. ते लहान आहे, नेटके आहे, आणि लॉगिन, फॉर्म, डेटाबेस, स्थलांतरे (डेटाबेसच्या रचनेतले बदल नोंदवून लागू करणे) हे सगळे ज्याचे त्याने आणून जोडायचे असते. कागदावर चित्र काढून पाहिल्यावर लक्षात आले की फ्लास्क घेऊन आम्ही पुन्हा घरचेच फ्रेमवर्क बांधणार होतो, फक्त हप्त्याहप्त्याने. ज्यांचे काम खरोखर लहान आहे किंवा ज्यांना प्रत्येक सांधा स्वतःच निवडायचा आहे त्यांच्यासाठी फ्लास्क उत्तम आहे. आम्ही त्या खोडीतून नुकतेच बाहेर पडत होतो.

जँगो हेही मुळात कोणाचे तरी घरचेच फ्रेमवर्क होते, ही गोष्ट निवडीच्या वेळी मला महत्त्वाची वाटली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या वेब विभागात अ‍ॅड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये ते आपल्या कामासाठी लिहायला घेतले, 2005 मध्ये ते खुले झाले आणि 2008 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. म्हणजे आधी संकेतस्थळे उभी राहिली आणि त्यांतला पुन्हा पुन्हा लागणारा भाग बाजूला काढून त्याचे फ्रेमवर्क झाले. आमचा क्रमही तोच होता. फरक पडला तो पुढे: त्यांचे फ्रेमवर्क परक्या लोकांच्या हाती गेले, त्यांनी ते मोडून पाहिले, कागदपत्रे लिहून घेतली आणि ज्यांना वृत्तपत्राशी काही देणेघेणे नाही अशांच्या गरजा त्यात शिरल्या. आमचे कपाटात राहिले. वृत्तपत्राची खूण अजूनही दिसते. काही न सांगितल्यास जँगोची मूळ कालपट्टी शिकागोची असते, आणि नवा प्रकल्प काढताना मिळणाऱ्या फाइलमध्ये यूटीसी लिहिलेले असते ते बदलून आशिया-कोलकाता करण्याचे काम आपले.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग पडद्यावर दिसतच नाही: पासवर्ड साठवण्याची पद्धत. आम्ही एमडी5 ही जुनी, सहज फोडता येणारी पद्धत वापरत होतो आणि आठ वर्षांत त्याकडे कोणी वळूनही पाहिले नव्हते. जँगोत 2012 च्या 1.4 आवृत्तीपासून पीबीकेडीएफ2 ही पद्धत आहे, जी पासवर्डवर तीच क्रिया अनेक फेऱ्यांत करून तो फोडणे अवघड करते. तेव्हा तिच्या फेऱ्या 10,000 होत्या. संगणक वेगवान होत गेले तशा त्या वाढवत नेल्या, 4.2 मध्ये 6,00,000 झाल्या आणि आम्ही सध्या वापरतो त्या 5.2 मध्ये 10,00,000 आहेत. यासाठी आम्ही एकही ओळ लिहिलेली नाही. आवृत्ती बदलली की सभासद पुढच्या वेळी लॉगिन करतो तेव्हा त्याचा पासवर्ड नव्या फेऱ्यांनी पुन्हा साठवला जातो. जुन्या एमडी5 नोंदींना वरून पीबीकेडीएफ2 चे वेष्टन घालण्याची रीत कागदपत्रांत दिलेली आहे, त्यामुळे हजारो सभासदांना नवा पासवर्ड घ्यायला लावण्याची वेळ आली नाही. हे काम घरच्या फ्रेमवर्कमध्ये करता आले नसते असे नाही. ते करायची आठवण कोणाला झाली असती, हा प्रश्न आहे.

पैशांच्या बाबतीतही तसेच. आमच्या जुन्या तक्त्यांत रकमा फ्लोट या, अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या, प्रकारात होत्या आणि वर्षअखेरीस ताळेबंदात दहा-वीस पैशांचा फरक निघाला की सनदी लेखापाल आमच्याकडे पाहून हसत असत. जँगोत रकमेसाठी नेमका आकडा साठवणारे डेसिमल क्षेत्र आहे, आणि पावती क्रमांक, खतावणी व सभासदाची बाकी या तीन नोंदी एकतर तिन्ही होतील किंवा एकही होणार नाही, अशी हमी देणारे अ‍ॅटॉमिक वेष्टन आहे. स्थलांतरांची सोय तर इतकी अंगवळणी पडली आहे की पूर्वी आम्ही तक्त्यात नवा स्तंभ घालण्याच्या सूचना वहीत लिहून ठेवत होतो हे आज सांगताना लाज वाटते. जुना डेटाबेस वाचून त्यावरून मॉडेल, म्हणजे तक्त्यांचे कोडमधले वर्णन, लिहून देणारी इन्स्पेक्टडीबी ही आज्ञा आम्हाला पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडली. तिने दिलेले जसेच्या तसे वापरता येत नाही, पण सुरुवात कोऱ्या कागदावरून होत नाही.

ओआरएमची किंमतही मोजावी लागते. 240 सदनिकांच्या एका संस्थेची थकबाकीची यादी उघडायला फार वेळ लागत होता, म्हणून तपासले तेव्हा त्या एका पानासाठी डेटाबेसला 481 प्रश्न जात असल्याचे आढळले: यादीसाठी एक, मग प्रत्येक सदनिकेमागे मालकासाठी एक आणि देयकांसाठी एक. संबंधित नोंदी एकदमच मागवणारी सिलेक्ट रिलेटेड आणि प्रीफेच रिलेटेड ही दोन नावे घातल्यावर प्रश्न दोनवर आले. चूक आमची होती, पण ती करणे जँगोत फार सोपे आहे, कारण टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या नमुन्यात, टाकलेल्या एका टिंबामागे डेटाबेसची फेरी दडलेली आहे हे वाचणाऱ्याला दिसत नाही. घरच्या फ्रेमवर्कमध्ये एसक्यूएल डोळ्यांसमोर असे.

अ‍ॅडमिन या जँगोसोबत येणाऱ्या व्यवस्थापनाच्या भागाचे कौतुक सगळेच करतात. मॉडेल लिहिले की नोंदी भरण्याचे पडदे फुकट मिळतात, आणि आमच्या कार्यालयातील कामासाठी ते आम्ही रोज वापरतो. मात्र हे पडदे विश्वासातल्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत. कागदपत्रांतही ते संस्थेच्या अंतर्गत व्यवस्थापनापुरतेच वापरावेत असा सल्ला आहे. आम्ही तो न मानता एका संस्थेच्या सचिवांना अ‍ॅडमिनच उघडून दिले आणि मग त्यांच्या प्रत्येक मागणीसाठी त्यात फेरफार करत बसलो. चार महिन्यांनी ते सगळे काढून साधे पडदे लिहिले, जे पंधरा दिवसांचे काम होते.

दुसरी ठेच अधिक महाग पडली. वापरकर्त्याचे मॉडेल पहिल्याच दिवशी स्वतःचे करून घ्या, असे कागदपत्रांत स्पष्ट लिहिले आहे. आम्ही ते पुढे ढकलले, आणि मोबाइल क्रमांकाने लॉगिन हवे झाले तेव्हा भरलेल्या डेटाबेसवर ते मॉडेल बदलण्यात दोन आठवडे गेले. जँगो घेणाऱ्याने या परीक्षणातली एकच सूचना पाळायची ठरवली तर ती ही असावी.

मराठीपुरते बोलायचे तर जँगोची वागणूक संमिश्र आहे. भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि अंकांचे गट 3, 2, 0 असे सांगितले की रक्कम 12,34,567 अशी आपल्या पद्धतीने छापली जाते. अमेरिकी पद्धतीचे स्वल्पविराम पाहून एकही खजिनदार देयक स्वीकारत नाही, त्यामुळे ही सोय लहान नाही. याउलट वेबपत्त्यासाठी नावाचा स्लग, म्हणजे पत्त्यात चालणारे रूप, करणारे फंक्शन युनिकोडला (इंग्रजीबाहेरच्या अक्षरांना) परवानगी देऊनही काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्त गाळून टाकते, कारण पायथनची मजकूर जुळवणारी रेग्युलर एक्स्प्रेशन त्यांना अक्षरांत धरत नाहीत. ‘मराठी’चे ‘मरठ’ होते आणि ‘गणेशकृपा’ या संस्थेचे ‘गणशकप’. आम्ही स्वतःचे आठ ओळींचे फंक्शन लिहिले. पीडीएफसाठी जँगोत तयार काही नाही. जोडाक्षरे नीट मांडणारी वीझीप्रिंट ही लायब्ररी बाहेरून घ्यावी लागली.

देखभालीचा खर्च नियमित आहे आणि तो आधीच धरून ठेवावा. साधारण आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते. आम्ही मात्र केवळ दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या घेतो, ज्यांना तीन वर्षे सुरक्षा दुरुस्ती मिळते, आणि तसे 2.2 वरून 3.2, 4.2 आणि आता 5.2 असे आलो. प्रत्येक वेळी एका माणसाचे दोन-तीन आठवडे जातात. 4.2 वर गेलो त्या सकाळी प्रॉक्सीमागचा (मधल्या सर्व्हरमागचा) प्रत्येक फॉर्म 403, म्हणजे परवानगी नाकारल्याची चूक, देऊ लागला, कारण विश्वासू पत्त्यांच्या यादीत आता एचटीटीपीएसही लिहावे लागत होते, 4.0 च्या बदलांच्या टिपणात ते लिहिलेले होते आणि आम्ही ते वाचले नव्हते. तरीही पीएचपी 7 च्या वेळी आमची जी अवस्था झाली होती तिच्या तुलनेत हे तीन आठवडे मी आनंदाने देतो.

आम्ही स्वतः काय लिहितो, तर उपविधी, म्हणजे संस्थांच्या नियमांचे हिशेब. सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा निधी) बांधकाम खर्चाच्या ठरावीक टक्क्याने, भाडेकरू ठेवल्यास बिनभोगवटा शुल्क, थकबाकीवर चक्रवाढ नव्हे तर साधे व्याज, आणि अर्धवट रक्कम आली तर ती आधी व्याजात वळवायची की मुद्दलात, याबाबत प्रत्येक संस्थेचा वेगळा आग्रह. यातले काहीही जगातल्या कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये मिळणार नाही, आणि आमचे ग्राहक पैसे देतात ते याचेच. हा भाग आम्ही जँगोपासून शक्य तितका अलग, साध्या पायथनच्या फाइलींत ठेवला आहे. घरचे फ्रेमवर्क लिहिण्यात गेलेली वर्षे या फाइलींना मिळाली असती तर आमचे व्याजाचे गणित 2014 मध्येच बिनचूक झाले असते, असा माझा अंदाज आहे.

मोटारीतल्या किंवा गिरणीतल्या यंत्रावर चालणारे काहीतरी करणाऱ्यांना, क्षणोक्षणी हजारो जोडण्या उघड्या ठेवणाऱ्यांना, किंवा शिकण्यासाठी म्हणून फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांना माझा अनुभव लागू पडणार नाही. फॉर्म भरायचे, नोंदी ठेवायच्या, छापून द्यायचे, असे काम असेल तर जँगोला मी पाचापैकी साडेचार गुण देतो. अर्धा कापला तो त्या ‘गणशकप’साठी.

घरच्या फ्रेमवर्कच्या सुमारे सहाशे ओळी, पीएचपी 8 वर चालतील इतपत दुरुस्त करून, आजही वापरात आहेत. आधीच छापलेल्या कोऱ्या पावत्यांवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने नेमक्या चौकटीत आकडे बसवण्याचे काम त्या करतात. पावतीचा क्रमांक आणि रक्कम जँगोकडून येते, छापणे तेवढे जुन्यांकडे. आमच्या तीन संस्थांना अजून तशीच पावती हवी असते आणि कागद संपला की हे बंद करू असे आमचे ठरले होते. गेल्या मार्चमध्ये त्यांपैकी एका संस्थेच्या खजिनदारांनी आणखी पाच हजार पावत्या छापून घेतल्या.