इथेनॉलवरचा इलाज: सियागंजात मिळणारी नळी, किट आणि ‘औषधाची’ बाटली

सोयाबीनची फवारणी उरकून कोपऱ्यात ठेवलेला पॉवर स्प्रेअर रब्बीला बाहेर काढला, की दोरी ओढून ओढून खांदा दुखतो पण इंजिन काही उठत नाही. ब्रश कटरचं तेच आणि दुकानातल्या छोट्या जनरेटरचंही तेच. मशीन घेऊन इंदूरच्या सियागंजात स्पेअरच्या काउंटरवर गेलं की तीन वस्तू पुढे येतात: पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून त्यात टाकायच्या स्टॅबिलायझरची बाटली, कार्बोरेटरचं (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं) बदलायचे रबर-पॅकिंग असलेलं किट आणि पेट्रोलची नवी नळी. गिऱ्हाईक बहुधा बाटली उचलतं, कारण ती ओतली की काम झालं असं वाटतं. आमच्या मते पैसे खर्च करायचा क्रम नेमका उलटा हवा. पहिली नळी, मग किट आणि बाटली सगळ्यांत शेवटी. बाटली प्रत्येकाला लागतेच असंही नाही.

या दुखण्याच्या मुळाशी आहे पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ ला बाजारात आलं आणि २०२५ पर्यंत देशभर पंपांवर साध्या पेट्रोलच्या नावाने तेच मिळू लागलं. गाड्यांचे कारखाने त्या बेताने रबर आणि ट्यूनिंग बदलत गेले. छोट्या इंजिनांचं तसं झालं नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, होंडा, श्टील यांच्या कितीतरी मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा आजही १० टक्केच छापलेली दिसते. म्हणजे जुन्या मशीनमध्ये रोज मर्यादेच्या दुप्पट इथेनॉल जातंय, हे धरूनच चालायला हवं.

नळी: पाचपैकी साडेचार गुण, पण योग्य जातीची असेल तरच

काउंटरवर पाच जातींच्या नळ्या मिळतात. काळी नळी साध्या नायट्राइल रबराची असते. इथेनॉलमध्ये ती फुगते, मऊ पडते आणि निपलवरून निसटायला लागते. आतला थर सुटून त्याचे काळे कण थेट नीडलच्या (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) सीटवर जाऊन बसतात, मग कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि दोष नीडलला दिला जातो. पारदर्शक स्वस्त नळी पीव्हीसीची असते. तिच्यात लवचीकपणासाठी घातलेलं रसायन पेट्रोलमध्ये निघून जातं, त्यामुळे एकदोन महिन्यांत ती पिवळी पडून स्ट्रॉसारखी कडक होते. टाकीच्या रबरी ग्रोमेटपाशी (नळी जिथून आत जाते त्या बुचापाशी) मग तिला बारीक चीर जाते. तिथून पेट्रोल गळत नाही, पण हवा ओढली जाते, आणि टू-स्ट्रोक इंजिनात हीच हवा पिस्टन जाम करते. सिलिकॉनची नळी दिसायला सुंदर असली तरी पेट्रोलसाठी घेऊच नका, ती फुगते आणि तिच्यातून वास येत राहतो.

घ्यायच्या नळ्या दोनच. पिवळसर पारदर्शक टायगॉन ब्रश कटर आणि स्प्रेअरला उत्तम, कारण ती वाकते आणि ग्रोमेटमधून सहज जाते. एफकेएम म्हणजे व्हायटॉन जातीची नळी इथेनॉलला सगळ्यांत चांगली टिकते, पण महाग असते आणि थंडीत ताठ होते. जनरेटरच्या कॉकपासून (पेट्रोलच्या तोटीपासून) कार्बोरेटरपर्यंतच्या लहान, सरळ तुकड्याला ती घ्यावी.

नाव सांगून वेगळाच माल हातात ठेवण्याचे प्रकार होतात, म्हणून आधी छोटा तुकडा घेऊन घरी तपासा. बरोबर १०० मिमी कापा, झाकणाच्या काचेच्या बाटलीत पंपावरच्याच पेट्रोलमध्ये ४८ तास बुडवून ठेवा, काढून लगेच मोजा. १०१ मिमी झाला तर चालेल. १०४-१०५ झाला आणि बोटांत चिकट लागला, तर तो माल परत करा. नंतर तोच तुकडा दोन दिवस वाळवून वाकवून पाहा. कडकपणा आला असेल तर ती एफकेएम नव्हेच, दुसरंच काहीतरी आहे. हे सगळं उघड्यावर करा, जवळ गॅस किंवा उदबत्तीसुद्धा नको.

ब्रश कटरला सहसा दोन नळ्या लागतात, ओढणारी आतून २.५ मिमी आणि परतीची ३ मिमी. जुनी काढण्याआधी दोन्हींची मापं घ्या, कारण मॉडेलनुसार ती बदलतात. टोक लांब तिरकं कापलं की ग्रोमेटमधून ओढायला सोपं जातं. टाकीतला फिल्टर मशीन कसंही आडवं केलं तरी तळाशी पोचला पाहिजे, तेवढी लांबी ठेवा.

किट: वस्तू चांगली, बसवणं निम्मं बिघडतं

फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) असलेला जनरेटरचा कार्बोरेटर उघडला की बाऊलची, म्हणजे तळाच्या वाटीची, गोल रिंग हमखास फजिती करते. पेट्रोल पिऊन ती इतकी फुगलेली असते की खाचेत परत बसतच नाही, एका बाजूने दाबली की दुसरीकडून वर येते. रात्रभर वाळवली की बसते, पण मग तिला चिरा गेलेल्या असतात आणि आठवड्याभरात गळती सुरू होते. म्हणून कार्बोरेटर उघडायचा ठरवला की किट आधी हातात असू द्या. किटमध्ये रिंग, नीडल आणि कार्बोरेटरमागची पॅकिंग एवढं तरी असावं. होंडा जीएक्स१६० ला फ्लोटची उंची १३.७ मिमी असते. बाजारातल्या त्याच धर्तीच्या इंजिनांनाही हे माप तपासून पाहायला हरकत नाही.

बाऊलच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ती जस्त-ॲल्युमिनियमचा गंज असतो आणि पितळी जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) हिरवट थर असतो. दोन्ही पाण्याने झालेले. मंद वेगाला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक साधारण ०.३५ ते ०.४५ मिमी असतं, बंद पडायला एवढीशी भुकटी पुरते. टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. एक चौरस मिमीच्या फ्लेक्सिबल वायरमधली एकच तांब्याची तार घ्या, ती साधारण ०.३ मिमीची असते आणि पितळाला ओरखडत नाही. मग कार्ब क्लीनर आणि हवा. जेट उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय याची खात्री करा, अर्धवट उघडलेलं भोक बंद भोकापेक्षा जास्त छळतं.

पायलट जेट बंद आहे हे उघडण्याआधीच ओळखता येतं. जनरेटरचा आवाज एका लयीत वर-खाली होतो आणि चोक अर्धा ओढला की शांत होतो. तेवढं दिसलं तर स्पार्क प्लग बदलण्यात पैसे घालवू नका.

टू-स्ट्रोकच्या डायफ्राम कार्बोरेटरमध्ये इथेनॉल पातळ पडद्याला कडक करतं. बोटाने हलवल्यावर प्लास्टिकसारखा ‘टक्’ वाजला तर पडदा गेला. किट बसवताना क्रम चुकतो तो इथेच. बहुतेक कार्बोरेटरमध्ये मीटरिंगच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) बाजूला आधी पॅकिंग आणि वर डायफ्राम म्हणजे हा पडदा असतो, पंपाच्या (पेट्रोल ओढणाऱ्या) बाजूला आधी डायफ्राम आणि वर पॅकिंग. उलटं बसलं की मशीन एक मिनिट चालून बंद पडतं. मीटरिंगच्या लिव्हरची उंची आधी मोजा, प्रत्येक थराचा फोटो काढा.

काही मिस्त्री अल्ट्रासॉनिक टाकीत सफाई करून देतात. ती घ्यावी, स्प्रेने न निघणारा आतल्या वाटांमधला थर तिथे सुटतो. फक्त रबर आणि डायफ्राम आधी काढून घेतलेत ना हे विचारा, आणि ॲसिड वापरत असतील तर नको म्हणा. जस्ताची बॉडी काळी पडते आणि पुढचा गंज लवकर चढतो.

बाटली: पाचपैकी तीन गुण, तेही अटीवर

स्टॅबिलायझर पेट्रोल शिळं होण्याचा वेग कमी करतं. त्यामुळे डिंकासारखा थर उशिरा धरतो आणि चांगल्या बाटलीत गंजरोधकही असतं. पण ते इथेनॉल काढत नाही, फुगलेलं रबर बरं करत नाही आणि एकदा पाणी सुटलेलं पेट्रोल पुन्हा एक करत नाही. लेबलवर तसा दावा असेल तर ती बाटली घेऊच नका.

पाणी सुटणं म्हणजे काय ते समजून घ्या. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढतं. अर्ध्या भरलेल्या टाकीत माळव्याच्या पावसाळ्याची हवा दिवसरात्र आतबाहेर होते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं, किंवा हिवाळ्यात रात्री पारा उतरला, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. टाकीतला फिल्टर तळाशीच असतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, म्हणजे इंजिनाला पहिला घोट बिनऑइलचा जातो. २५:१ मध्ये लिटरला ४० मिली ऑइल अगदी मोजून घातलं असलं तरी पिस्टनवर ओरखडे येतात ते यामुळेच.

बाटली कोणाला हवी? ज्यांचा जनरेटर टाकी भरून कधीही चालू व्हायला तयार लागतो, असा दवाखाना किंवा दुकान. ताज्या पेट्रोलमध्येच घाला, लेबलवरचा डोस इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, आणि मग इंजिन दहा मिनिटं चालवा. तेवढ्यात औषध बाऊलपर्यंत पोचतं. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि बाटलीला नावं ठेवतात. बाकी सगळ्यांना एकही पैसा न लागणारा उपाय पुरतो: तीन-चार आठवडे काम नसेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, आणि बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेलं काढा. हा स्क्रू महत्त्वाचा, कारण इंजिन थांबल्यावरही बाऊलच्या तळाशी थोडं पेट्रोल राहतंच.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे १०० मिलीच्या मोजपात्रात पाहता येतं. २० मिली पाणी, ८० मिली पेट्रोल, झाकून हलवा, दहा मिनिटं थांबा. खालचा थर ३५-३६ च्या रेषेवर आला तर ई२०, २८ च्या आसपास आला तर ई१०. असं पाण्याने धुतलेलं पेट्रोल मात्र इंजिनात घालू नका. इथेनॉलसोबत ऑक्टेनही उतरतं.

या तिन्ही वस्तूंनी न सुटणारी एक गोष्ट आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५. जेट तोच राहिला तर इंजिन लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि गरम चालतं, प्लग पांढरा पडतो. ब्रश कटरला एच स्क्रू (पूर्ण वेगाला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) असेल तर अष्टमांश फेरा सैल करा आणि पूर्ण वेगावर आवाज किंचित जड होतो का ऐका. जनरेटरला जेट ठरलेला असतो, तिथे मेन जेट ६८ नंबरचा असेल तर ७० चा, म्हणजे थोड्या मोठ्या भोकाचा, टाकून पाहा. वॉरंटीतल्या मशीनला हात लावू नका.

नळी मीटरने कापून घेताना छापील अक्षरं असलेला भाग मागा आणि त्यातला दोन इंचांचा तुकडा घरी ठेवा. पुढच्या वर्षी तोच माल मागायला तो तुकडा दाखवता येतो.