पाम व्हीएक्सची तीन चामडी कव्हरं : नऊ महिन्यांनंतर

शर्टाच्या खिशातून पाम, म्हणजे तारखा-पत्ते-याद्या ठेवायचा जुना हातातला छोटा संगणक, काढला की लोकलमध्ये शेजारचा हमखास विचारतो, "कॅल्क्युलेटर का?" मी मान डोलावतो. डोंबिवली ते सायन एवढ्या वेळात 1999 सालचं यंत्र आज कशाला वापरतो हे सांगून होत नाही. थोडक्यात, यादी करायला फोन उघडला की अर्धा तास कुठे जातो ते कळत नाही आणि या यंत्रात जायला दुसरी जागाच नाही. जुना पाम व्हीएक्स मार्चमध्ये घेतला, बॅटरी नवी घातली. हे मॉडेल स्क्रूने नाही, गोंदाने बंद केलेलं असतं, त्यामुळे ते गरम करूनच उघडावं लागतं. तो उद्योग मी स्वतः केला नाही, दुरुस्तीवाल्याकडे दिला.

पण हे लिहिणं कव्हरबद्दल आहे, कारण नऊ महिन्यांत तीन कव्हरं झाली.

पहिलं यंत्राबरोबरच आलं, मूळचं, पातळ चामड्याचं. पाम व्हीएक्सच्या दोन्ही कडांना उभी खाच असते. एकीत लिहायची काडी बसते, दुसरीत कव्हरचा कणा सरकवायचा. डावखुऱ्यांनी बाजू बदलून घ्यावी, इतका साधा आणि छान विचार. कव्हर फक्त काचेवर येतं, पाठ उघडीच राहते. यंत्र जेमतेम 10 मिलिमीटर जाड, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत, आणि या कव्हरने ते तसंच सडपातळ राहतं. घरात, टेबलावर, मीटिंगमध्ये याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही. मात्र त्याला बंद राहायला काही नाही, ना बटण, ना पट्टा. आपल्या गर्दीत खिशात ते उघडतं आणि काच किल्ल्यांच्या जुडग्याला भिडते. दीड महिन्यात बारीक ओरखडा आला, नेमका जिथे अक्षरं गिरवायची त्या पट्टीत.

मग मे महिन्यात ऑनलाइन चेनवालं घेतलं. चारी बाजूंनी बंद, आत कार्डांचे कप्पे, बाहेर 'जेन्युइन लेदर' असा ठसा. या ठशाने हुरळून जाऊ नका. चामडं आहे एवढंच तो सांगतो, कुठल्या थराचं ते सांगत नाही. कातड्याचा वरचा घट्ट थर काढून घेतल्यावर खाली उरलेल्या थरावर रंगाचा लेप चढवला, तरी तेही खरं चामडंच. माझ्या कव्हरची घडी दुसऱ्या महिन्यात सोलायला लागली. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट झालं ते वेगळंच.

व्हीएक्सच्या खालच्या अंगाला चार गोल बटणं असतात: तारखा, पत्ते, कामं, टिपणं. यंत्र बंद असताना यातलं कुठलंही दाबलं की ते जागं होतं. सोय म्हणून ठीक, पण मऊ कव्हरमध्ये हीच गोष्ट घात करते. माझ्या बॅगेत डबा आणि छत्री यांच्यामध्ये ते कव्हर दाबलं जायचं, बटण दबायचं, यंत्र जागं व्हायचं, झोपायचं, पुन्हा जागं व्हायचं. आपला सगळा मजकूर यात रॅममध्ये असतो, म्हणजे बॅटरी पूर्ण बसली की मजकूर गेला. जुलैत चार दिवस बॅग उघडली नाही. पाचव्या दिवशी क्रेडलवर, म्हणजे चार्ज करायच्या आणि संगणकाला जोडायच्या स्टँडवर, ठेवलं तर यंत्र नव्या नवरीसारखं कोरं, आणि अधिक चिन्हावर काडी टेकवायला सांगतंय. आधीचा हॉटसिंक, म्हणजे संगणकावर उतरवून घेतलेली प्रत, अकरा दिवसांपूर्वीचा. त्यानंतरचं सगळं गेलं. त्यात आईने फोनवर सांगितलेलं भाजणीचं प्रमाण होतं. ते तिला पुन्हा विचारलं तेव्हा काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

कार्डाच्या कप्प्यांचंही एक सांगतो. उठावदार आकड्यांचं बँकेचं कार्ड काचेसमोरच्या कप्प्यात ठेवलं की दाबाने ते आकडे थेट काचेवर रुततात. कप्पे रिकामे ठेवा, नाहीतर तसं कव्हर घेऊच नका.

ऑगस्टमध्ये सायनला उतरून धारावीत गेलो. लिंक रोडवरच्या दुकानांत तयार पाकिटं आणि पट्टे ढिगाने आहेत, पण मला करून हवं होतं. एका कारागिराने यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, चारी बटणांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, याला कातडं नाही, चौकट पाहिजे." माझे पाच महिने आणि हजारभर रुपये या एका वाक्यासाठी गेले होते.

त्याने चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये कडक प्लास्टिकचा पत्रा घातला आणि काचेभोवती चामड्याचीच उंच कड शिवली. झाकण त्या कडेवर टेकतं, बटणांना शिवतही नाही. वरचं पॉवरचं बटण आणि इन्फ्रारेडची खिडकी उघडी, खाली क्रेडलच्या जोडणीला खाच, म्हणजे कव्हरसकट हॉटसिंक होतो. बंद करायला टिचबटण. लोहचुंबक तो द्यायला तयार होता, मीच नको म्हटलं. पामला त्याने काही होत नाही, आत चुंबकीय डिस्क नसते, पण त्याच खिशात काळ्या चुंबकीय पट्टीची कार्डं असतात.

जाडी जवळजवळ दुप्पट झाली. खिसा आता फुगलेला दिसतो आणि बायको त्याला 'छातीवरचा डबा' म्हणते. चालेल. घेण्याआधी मी दुकानातच परीक्षा घेतली: यंत्र आत घालून झाकण लावलं, खालच्या एक तृतीयांश भागावर, बटणं येतात तिथे, अंगठ्याने जोर दिला, चटकन उघडून पाहिलं. काच कोरीच होती, म्हणजे यंत्र जागं झालं नव्हतं. कुठल्याही कव्हरची हीच परीक्षा घ्या, वास आणि शिवण नंतर बघा.

चामडं मी झाडाच्या सालीने कमावलेलं निवडलं, कोल्हापुरी चपलेच्या जातीचं, कारण ते ताठ राहतं. त्याची किंमत पावसाने वसूल केली. गणपतीत चार दिवस कपाटात राहिलं तर कडांवर पांढरी बुरशी. कोरड्या फडक्याने पुसलं, पंख्याखाली ठेवलं; उन्हात ठेवलं नाही, कारण उन्हाने ते तडकतं. डाग राहिला. सुरुवातीला पांढऱ्या शर्टाला तांबूस रंगही लागला. क्रोमने कमावलेलं घेतलं असतं तर पावसात इतकी कटकट झाली नसती, पण ते मऊ पडतं आणि सगळा भार आतल्या पत्र्यावर येतो.

आता डिसेंबर. हाताच्या तेलाने कव्हर काळपट तपकिरी झालंय, एकदा फलाटावर पडलं तर कोपरा चेपला आणि यंत्राला काही झालं नाही. ऑगस्टपासून बॅगेत ते एकदाही आपोआप जागं झालेलं नाही. टिचबटण मात्र सैल पडलंय. सायनला उतरायचं आहेच, तेव्हा बदलून घेईन.