इलेक्ट्रिक स्कूल बस: शैक्षणिक वर्ष होत आल्यावरचा अनुभव

शाळेच्या बस वाहतुकीचं काम माझ्याकडे आहे. डिझेलच्या काही बस काढून इलेक्ट्रिक घेतल्या, त्याला आता शैक्षणिक वर्ष होत आलं. इंधनबचतीची गणितं सगळेच मांडतात. मला सांगायचंय ते शाळा सुटताना फाटकापाशी काय बदललं त्याबद्दल.

डिझेल बस सगळ्यात जास्त छळते ती उभी असताना. एसीसाठी किंवा निव्वळ सवयीने इंजिन चालू, बस एकामागे एक, आणि पुढच्या बसचा धूर मागच्या बसच्या उघड्या दारातून थेट आत. स्वतःचा धूरही थोडाफार आत येतोच. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात आणि धुरातले २.५ मायक्रोमीटरहून बारीक कण फुफ्फुसात खोलवर उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. आता रांग तेवढीच लागते, पण इलेक्ट्रिक बसच्या आसपास नाकाला रुमाल लावावा लागत नाही. मुलांचा दमा कमी झाला असा दावा मी करणार नाही, ते डॉक्टरांनी सांगावं. लांबच्या फेरीनंतर डोकं दुखतं ही बसमधल्या मावशींची कुरकुर मात्र थांबली.

‘वीज कोळशाचीच ना?’ असं पालक हमखास विचारतात. बऱ्याच ठिकाणी असते, खरं आहे. पण तो धूर मुलांच्या नाकाशी सुटत नाही. टायरची धूळ तर याही बसची उडते.

आवाज नसल्याचा एक तोटा: हळू येणारी बस लहान मुलांना कळत नाही. कमी वेगात वाजणारा इशारा आहे, तरी मागे घेताना मावशी खाली उतरल्याशिवाय बस हलवायची नाही, असा नियम केला.

रेंज, म्हणजे एका चार्जिंगवर बस जाते ते अंतर, कागदावरच्यापेक्षा कमीच मिळते. भरलेली बस, एसी आणि चढ असले की आकडा भराभर उतरतो. उलट सतत थांबत जाणं हिला मानवतं, कारण वेग कमी करताना थोडी वीज बॅटरीत परत जाते आणि ब्रेकही कमी झिजतात. पायाखाली ताकद लगेच मिळते, त्यामुळे सुरुवातीला धक्के बसायचे. ड्रायव्हरना पाय हलका ठेवायला शिकवावं लागलं.

चार्जिंगला स्कूल बसइतकं सोयीचं वाहन नाही. सकाळची फेरी संपली की दुपारपर्यंत उभी, रात्रभरही उभीच. साधा, संथ चार्जर पुरतो. खरी अडचण वीजजोडणीची. सगळ्या बस एकदम चार्जिंगला लावल्या तर वीज कंपनीने मंजूर केलेला भार ओलांडतो, म्हणून आळीपाळीने लावतो. भार वाढवून मिळायला बस यायला लागला त्याहून जास्त वेळ गेला.

इंजिन ऑइल नाही, डिझेल फिल्टर नाही, देखभाल हलकी. पण सॉफ्टवेअर अडलं की नेहमीच्या गॅरेजचा उपयोग शून्य. लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत बस जागेवरच. विक्रीनंतरच्या सेवेला मी पाचपैकी दोनच देईन, बसला चार.

लांबच्या सहलींना अजून डिझेलच पाठवतो. घेणार असाल तर जोडणीचा अर्ज आधी करा, बसची ऑर्डर नंतर. आणि नवी बस जवळच्या, सोप्या मार्गावर लावू नका. रेंज पुरत असेल, तर सगळ्यात लहान मुलं सगळ्यात जास्त वेळ ज्या फेरीत बसतात, ती फेरी हिला द्या.